पानकराचा निरोप

आमच्या यांना दर निवडणुकीत वेगळं चिन्ह मिळालं. पक्ष लहान, पर्यावरणवाल्यांचा. नागपूरला एका खोलीत त्याचं प्रदेश कार्यालय, आणि त्या खोलीतही अर्ध्या जागेत रोपांच्या पिशव्या. अशा पक्षाला स्वतःचं कायमचं चिन्ह नसतं, उरलेल्यांतून जे वाट्याला येईल ते घ्यायचं. पहिल्यांदा पंचायत समितीला उभे राहिले तेव्हा पंखा मिळाला. त्या काळी आमच्याकडे लाईट असायची कमी आणि जायची जास्त. हे प्रचाराला निघाले की लोक ओट्यावरून ओरडायचे, "काहो पंखेवाले भाऊ, लाईट कवा येते?" दुसऱ्यांदा जिल्हा परिषदेला कपबशी मिळाली, तेव्हा जो भेटेल तो चहा मागायचा. मी पाजलाही. चहा पिऊन लोकांनी मत दुसऱ्याला दिलं, आणि कप धुता धुता मी यांना म्हटलं, पुढच्या वेळी झाडू मागून घ्या, निदान अंगण तरी झाडून होईल.

तिसऱ्यांदा बादली मिळाली. बादलीवर हे जिल्हा परिषदेत निवडून आले. आमच्या करडी भागातून पर्यावरणवाला निवडून येतो यावर भंडाऱ्यात कोणाचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर माझाही बसत नव्हता.

माझं माहेर कोंढ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा धानाची शेती करणारा, थोडं कॉलेज शिकलेला, शांत माणूस. शांत होतेच, पण त्यांच्या डोक्यात नदी होती. कामाने भंडाऱ्याला गेले की येताना कारध्याच्या पुलाखाली उतरायचे आणि वैनगंगेचं पाणी बाटलीत भरून आणायचे. बाटलीवर तारीख लिहायची, जागा लिहायची, आणि ती ठेवायची कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर. पुढे नदी आणि मागे माझी लोणच्याची बरणी. कोणत्या साली पाणी कसं हिरवं होत गेलं ते आमच्या फळीवर दिसायचं. पाहुण्या बायका विचारायच्या, काय ठेवलं आहे हे? मी म्हणायची, सवत आहे.

घरात शिरले की यांचा पहिला शब्द ठरलेला असायचा, "पाणी दे वं." सभेतून येवोत, शेतातून येवोत, हरून येवोत. मी लोटा भरून द्यायची, हे उभ्याने अर्धा लोटा प्यायचे, मग खाटेवर बसून उरलेला. यांना जे काही सांगायचं असेल ते त्या उरलेल्या अर्ध्या लोट्याच्या वेळी सांगायचं, हा आमच्या घरचा रिवाज. त्याच्या आधी ऐकायचे नाहीत आणि नंतर फोन सुरू व्हायचा. पोरीचं लग्न जुळल्याचं, सासू गेल्याचं, सगळं मी तेव्हाच सांगितलेलं आहे.

आता तलावाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या काळातला. त्याच्या पाळीखाली आमच्या आणि आणखी बऱ्याच जणांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. पाळीतून पाणी सोडायच्या मोरीला आम्ही तुडूम म्हणतो, आणि ती उघडणारा-बंद करणारा माणूस म्हणजे पानकर. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाईल, हे तो ठरवतो. आमचा पानकर तेव्हाच सत्तरीच्या पुढे होता, काटक, कमी बोलणारा, खांद्यावर कायम शेला. त्याचा बाप पानकर होता, आजाही.

मळणी झाली की पानकर आपला वाटा घ्यायला घरोघरी येतो. हा वाटा घरच्या बाईनेच मोजायचा असतो. ती पायलीने त्याच्या शेल्यात धान टाकत जाते आणि तो तलावाची खबर सांगत जातो. पाळ कुठे झिरपते, कोण पाणी वाया घालवतो, पुढच्या साली काय करावं लागेल, सगळं. बाईने ते घरच्या पुरुषाला सांगायचं. सभेत पानकर कधी बोलत नाही. सासूने मला याचं कारण सांगितलं होतं: पाण्याची गोष्ट चौकात पुरुषाला सांगितली की भांडण होतं, आणि धान मोजताना बाईला सांगितली की पुरुषाच्या कानावर जाईपर्यंत ती निवते. तिच्या हयातीत ते काम तिचं होतं, नंतर माझं झालं. मी बरीच वर्षं ते नीट केलं. अमक्याच्या बांधाला उंदराचं बीळ आहे, इथपर्यंतचा निरोप मी यांना पोहोचवलेला आहे.

हे निवडून आल्यावर पहिलं काम हाती घेतलं ते तलावाचा गाळ काढायचं. वर्षानुवर्षांच्या गाळाने तलाव उथळ झाला होता, कडेने बेशरमची झुडपं माजली होती. यांनी भंडाऱ्याच्या इतक्या चकरा मारल्या की मोटारसायकलचं सीट फाटलं. शेवटी मंजुरी आली. उन्हाळ्यात मशीन येणार, गाळ लोकांनी शेतात न्यायचा, तलाव खोल होणार. गावात असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. ज्या ओट्यावरून पंखेवाले म्हणून हाक यायची, त्याच ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची, "या मेंबर, बसा." हे संकोचून बसायचे. त्यांना मान घेता येत नव्हता, सवयच नव्हती.

त्या वर्षी पानकर वाटा घ्यायला उशिरा आला, होळीच्या सुमाराला. तापाने आजारी होता म्हणाला. मी अंगणात पायली घेऊन बसले. तो तलावाचं काहीच बोलेना. शेवटची पायली टाकली तेव्हा म्हणाला, "बाई, मालकाले एक सांगजो. गाळ काढा म्हणा, पण काळा काळाच काढा. खाली पिवळी चिकट माती लागते, तिले हात लावाचा नाही. थे तलावाचं बूड होय. थे फुटली तं पाणी राहाचं नाही."

"इंजिनियर आहेत ना बाबा," मी म्हटलं.

"इंजिनियरनं हा तलाव बांधला नाही," तो म्हणाला. "माह्या बापाच्या वक्ताले हातानं गाळ काढला होता, तवा पिवळी दिसली का लोक टोपले ठेवून देत. मालकाले नक्की सांगजो. ऐकणारा माणूस आहे."

मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी हे आले. "पाणी दे वं." मी लोटा दिला. अर्धा लोटा प्यायले, खाटेवर बसले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं असेल. म्हणाले, मशीनची तारीख पक्की झाली, आणि बाजूच्या गावचा सरपंच म्हणाला की तुमच्या गावाला नको असेल तर आम्हाला द्या. हसत होते.

आणि मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. विसरले असते तर आज हे लिहायला बसले नसते. मला माझा नवरा ठाऊक होता. पिवळ्या मातीचं ऐकलं असतं तर त्यांनी तिथेच काम थांबवलं असतं, मातीचे नमुने घेतले असते, नागपूरहून जाणकार बोलावले असते, ग्रामसभा घेतली असती, आणि तोवर मशीन बाजूच्या गावात गेलं असतं. गाव पुन्हा हसलं असतं. मला ते हसणं पुन्हा ऐकायचं नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, यांचं काम पूर्ण झालेलं बघायचं होतं. म्हाताऱ्याचं काय एवढं, म्हातारे असंच बोलतात, असं मी मनाशी म्हटलं. दोन महिने होते माझ्याजवळ. रोज लोटा देत होते.

वैशाखात मशीन आलं. हे सकाळपासून टोपी घालून पाळीवर उभे. काळा गाळ टिप्परमध्ये भरून बांध्यांकडे जात होता आणि लोक नारळ फोडत होते. चार दिवसांनी पिवळी माती लागली. मी भाकरी घेऊन गेले होते, मी ती पाहिली. उन्हात चमकत होती, मऊ, लोण्यासारखी. मशीनवाल्याने हात उंच करून विचारलं, थांबवू का? आणि माझ्या नवऱ्याने, आयुष्यभर नदी-तलावासाठी राबलेल्या माणसाने, दोन्ही हातांनी खूण केली, अजून खोल. जितकं खोल जाईल तितकं पाणी साचेल, असं त्यांना वाटत होतं. मीही तिथेच होते. डोक्यावर भाकरीची टोपली होती आणि तोंडात जीभ होती. पाळीच्या दुसऱ्या टोकाला पानकर बसला होता. तो उठला आणि घरी निघून गेला. पिवळी माती रस्त्याच्या भरावात गेली, तिच्याखालचा मुरूम उघडा पडला.

पावसात तलाव भरला. असा भरला की लोक फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचे, पक्षाच्या लोकांनी नागपूरला बॅनरवर छापला. दसऱ्यापर्यंत पाणी निम्मं उतरलं. धान निसवलं, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा पानकराने तुडूम उघडली आणि त्यातून थोडा चिखल आला. मग काहीच आलं नाही. लोक पाळीवर उभे राहून बघत होते. कोणी यांना शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोणी दिली नाही. एकेक करून घरी गेले.

पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. पाऊस असेपर्यंत पाणी, मग मुरूम. यांनी कुठून कुठून चिकट माती आणून तळाला टाकून पाहिली, आमच्या बैलांनी ती तुडवून पाहिली. मोठ्या तलावाला ते पुरतं का.

त्या पहिल्या वर्षी मळणी झाल्यावर मी पानकराच्या वाट्याचं धान काढून ठेवलं होतं. तो आला, पण शेला पसरला नाही. "पाणीच नाही सोडलं बाई, धान कायचं?" म्हणाला. मी आग्रह केला. तो उभाच. मग त्याने हळूच विचारलं, "मालकाले सांगलं होतं ना?"

मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "हो बाबा, सांगलं होतं."

त्याने खांद्यावरचा शेला सारखा केला. "मोठे झाले मालक," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढच्या पावसाळ्याआधी तो वारला. हे खांदा द्यायला गेले होते. मी दारातूनच बघत होते.

पिवळ्या मातीचं यांना कळलं ते पुढे, कुठल्याशा शिबिरात, जुन्या तलावांवर बोलायला आलेल्या माणसाकडून. घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गावातल्या जुन्या माणसाईले हे मालूम असन. पानकर बाबाले तं नक्कीच मालूम होतं. मंग एकानंही काहून नाही सांगलं मले?" मी चूल फुंकत होते. धूर होता म्हणून बरं.

हा प्रश्न मग घरात राहायलाच आला. जेवताना, नांगर टेकवून उभे असताना, बातम्या बघताना मध्येच म्हणायचे, "कोणी एकानं तं सांगाले पाहिजे होतं." आणि त्याचं उत्तर त्यांनीच शोधलं. पक्षाने त्यांना विधानसभेला उभं राहायला सांगितलं तेव्हाची गोष्ट. दोन-तीन पक्षांची मोट बांधून या वेळी जागा आमच्याकडे येत होती, नागपूरहून माणसं गाडी करून आली होती. हे म्हणाले, नाही. लोकांनी तलावाची चूक पोटात घातली आहे, असं ती माणसं समजावत होती. हे म्हणाले, "चुकीचं दुःख नाही मले. पण मी चुकून राहिलो होतो अन् गाव पाहून राहिलं होतं. ज्या गावाले मले एक शब्द सांगावासा वाटला नाही, त्याच्या नावानं मी मुंबईत जाऊन काय बोलू?" पक्षाचं जिल्हाध्यक्षपद यांच्याकडे होतं, त्याचाही राजीनामा त्यांनी त्याच दिवशी लिहून दिला. मी सर्वांना चहा दिला. माझ्या हातून कप सांडला आणि एकजण म्हणाला, वहिनींनाही वाईट वाटलं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण खोटं जुनं होत गेलं की त्याला बाहेर काढणं अवघड होतं. मी देवापुढे बोलले, विहिरीपाशी बोलले. यांच्यापुढे गेले की दुसरंच काही बोलून परत यायची. हे हळूहळू नुसते शेतकरी झाले. फळीवरच्या नदीच्या बाटल्या त्यांनी एकदा स्वतःच उतरवल्या आणि परसात ओतल्या. मी सवत म्हणायची ती गेली, तेव्हा मी रडले.

दीड वर्षापूर्वी पक्षाची एक तरुण मुलगी आली होती, नागपूरची. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी मोबाइलवर भरून घेत होती, नव्या मुलांना शिकवण्यासाठी. यांनी सगळं सांगितलं, पंखा, कपबशी, बादली. मुलगी खूप हसली. मग तलाव आला. हे म्हणाले, "नव्या पोराईले सांगजो बेटा, झाडं लावाच्या आंधी माणसाचा भरोसा कमवा. मी कमावलो नाही. गावानं मले परका मानलं." तिने ते नीट भरून घेतलं, पुन्हा ऐकवून दाखवलं. त्यांचाच आवाज, आमच्याच अंगणात. माझ्या नवऱ्याचं आयुष्य एका खोट्या धड्यावर संपत होतं आणि तो धडा आता पुढच्या पोरांना शिकवला जाणार होता.

ती गेली. हे तिला रस्त्यापर्यंत सोडून आले. "पाणी दे वं." मी लोटा दिला. अर्धा प्यायले, बसले.

"अजी," मी म्हटलं, "पानकर बाबानं सांगलं होतं."

"काय?"

"पिवळी माती सोडाची म्हून. मशीन येच्या दोन महिन्याआंधी. धान मोजताना, माह्याजवळ. मी तुमाले सांगलं नाही."

त्यांनी लोटा खाली ठेवला. मी ओरडण्याची वाट बघत होते. इतकी वर्षं मी उत्तरं तयार ठेवली होती, का नाही सांगितलं याची. यांनी ते विचारलंच नाही.

"सांगलं होतं?" म्हणाले. "मले सांगावं असं वाटलं होतं त्याले?"

"हो. ऐकणारा माणूस आहे म्हणत होता."

आणि हे हसले. खरं सांगते, हसले. चेहरा त्या बादलीच्या निवडणुकीच्या दिवसासारखा झाला. "तरीच! थो माणूस सांगल्याबिगर राहूच शकत नोता," म्हणाले, आणि डोळे भरून आले. त्यांनी रागाने माझ्या अंगावर लोटा फेकला असता तर मी उभी राहिले असते, पण त्या हसण्यासमोर मी खालीच बसले. मग हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मंग मी कायले सोडलो वं सगळं?"

मी लोट्यातल्या उरलेल्या पाण्याकडे बघत होते.

मग त्यांच्या ध्यानात आलं. मला ते येताना दिसत होतं. "मंग मेला तवा त्याले काय वाटलं असन?" म्हणाले. "निरोप भेटला नाही असं तरी वाटलं असन ना?"

इथे गप्प बसता आलं असतं. गप्प बसून मी काय केलं ते समोरच बसलं होतं. मी म्हटलं, "त्यानं मले विचारलं होतं. मी म्हटलं, मालकाले सांगलं."

हे उठले, चपला घातल्या आणि पानकराच्या घरी गेले. दिवेलागणीला परत आले. तिथे काय झालं ते मला पुढे पानकराच्या सुनेने सांगितलं. भिंतीवरच्या म्हाताऱ्याच्या फोटोसमोर हे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, मले मालूम नोतं. तुमचा निरोप माह्यापर्यंत आलाच नाही." सुनेने विचारलं, कोणाजवळ दिला होता? हे म्हणाले, "रस्त्यात राहिला." माझं नाव घेतलं नाही. तिथे नाही आणि कुठेच नाही.

त्या संध्याकाळी ते दारातून आत आले तेव्हा मी लोटा भरून उभी होते. माझ्या शेजारून ते माठापाशी गेले, झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्याउभ्या पाणी प्यायले. मग हात-पाय धुवून जेवायला बसले, भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाले.

तेव्हापासून बोलतात सगळं. शेतीचं विचारतात, पोरीचा फोन आला की मलाच देतात, माझे गुडघे दुखले की तेल आणून ठेवतात. तो जुना प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. पण बाहेरून आले की मी अजून लोटा भरते, आणि हे माठापाशी जाऊन आपल्या हाताने पाणी घेतात.